डबीतला अंगारा

तळवड्यात त्या काळी सरूबाईच्या हाताला नाव ठेवायची कुणाची छाती नव्हती. निम्मं गाव तिच्या हातावर जन्मलेलं, सरपंचसुद्धा. तो भर चावडीत आवाज चढवायला लागला की ही लांबूनच म्हणायची, "गप रं! पायाळू आलावतास, मी व्हते म्हून जगलास." मग काय बिशाद होती त्याची पुढं बोलायची.

अशा बाईच्या अंगणात अठ्ठ्याहत्तर सालच्या जानेवारीत एक नर्स वही घेऊन आली आणि विचारती झाली, "मावशी, तुमच्या हातची किती मुलं आठ-दहा दिवसांच्या आत गेली?"

नर्सचं नाव मृदुला. निगडीच्या प्राधिकरणात घर, वडील ऑफिसात नोकरीला. पुण्याच्या डॉक्टरांनी गावोगावच्या सुइणींची एक पाहणी काढली होती, त्यावर तिची नेमणूक. तान्ही मुलं धनुर्वातानं का मरतात ते शोधायचं होतं. पोरगी हुशार, पण बोलायची जरा घाईच.

सरूबाईनं तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "माझ्या हातानं पोरं जलमत्यात, बाई. मारायचं काम सटवाईचं."

बोलताना तिचं लक्ष मात्र घरात होतं. आत तिची लेक कस्तुरा तांदूळ निवडत बसली होती. आठवा महिना भरत आला होता. आदल्या वर्षीचं तिचं पहिलं बाळंतपण इथंच झालं होतं. मुलगा झाला, गुटगुटीत, आणि सातव्या दिवशी गेला. सुपातल्या तांदळाचा आवाज थांबला होता, म्हणजे कस्तुरा ऐकत होती.

तो रोग तळवड्याला काही नवा नव्हता. पोर चांगलं जन्मायचं, दूध ओढायचं, आणि सहाव्या-सातव्या दिवशी त्याचं तोंड मिटायचं. आईनं पाजायला घेतलं तर जबडा उघडायचा नाही. मग अंग ताठ व्हायचं, पाठीची कमान व्हायची, आणि दोन दिवसांत सगळं आटोपायचं. बाया म्हणायच्या, पाचवीला काहीतरी चुकलं, सटवाईनं नेलं.

"तसली किती?" मृदुलानं विचारलं. "गेल्या सहा वर्षांतली. दाईंच्या शिबिरात तुम्हाला साबण अन् पातं दिलं, तेव्हापासूनची."

सरूबाईला लिहिता येत नव्हतं, पण तिच्या हातचं एक मूल ती विसरलेली नव्हती. तिनं चिंचोक्यांचं गाडगं आणलं आणि सारवलेल्या जमिनीवर कोळशानं गाव काढलं. इथं देऊळ, इथं ओढा, इकडं गावठाण, ओढ्यापलीकडं बौद्धवाडा. मग एकेका घरावर एकेक चिंचोका ठेवत गेली. "हे पाटलांच्या धाकट्या सुनेचं. हे सुताराचं, लेक व्हती, लई गोरी." सतरा चिंचोके झाले. सतरावा तिनं आपल्याच घरावर ठेवला.

मृदुला त्या नकाशाकडं बघत राहिली. "मावशी, ओढ्यापलीकडे एकही नाही?"

"न्हाई."

"तिकडची बाळंतपणं तुम्हीच करता ना?"

"मंग काय तू करतीस? चाळीस-पन्नास झाली असत्याल."

"हात धुऊन? नव्या पात्यानं? दोरा उकळून?"

"अगं व्हय! दोन्हीकडं सारखंच. शिबिरात सांगितलं तसं. मी काय दुजाभाव करती व्हय?"

"मग तिकडे वेगळं काय करता?"

"वेगळं कशाचं, उलट कमीच!" सरूबाई चिडली. "अंगारा लावू देत न्हाईत मेले."

आणि ती बोलता बोलता थांबली.

अंगाऱ्याची गोष्ट अशी. सरूबाईच्या कनवटीला पितळेची एक डबी असायची, तिच्या आईची. गावात कुठंही पाचवी पुजली की सटवाईपुढं शेणी पेटवायची, तिची राख ह्या डबीत भरायची, आणि पुढच्या बाळाची नाळ कापली की त्या ओल्या बेंबीवर चिमूटभर दाबायची. तीन पिढ्यांची रीत. बौद्धवाड्यातला विलास पिंपरीच्या कंपनीत कामाला होता. सहा वर्षांपूर्वी, शिबिराच्याच साली, बायकोच्या बाळंतपणात दारात उभं राहून तो म्हणाला होता, "मावशी, तुमच्या हातावर आमचा भरवसा हाय. पण अंगारा नको. आमी ते सगळं सोडलंय." तो अपमान सरूबाईला महिनाभर झोंबत होता. पुढं त्या वस्तीत तिनं डबी उघडलीच नाही.

मृदुलानं वही चाळली. डॉक्टरांच्या तक्त्यात साबण होता, पातं होतं, दोरा होता. अंगाऱ्याचा रकानाच नव्हता. कुणी विचारलंच नव्हतं. तिनं पेन्सिलीनं एक नवी उभी रेघ ओढली आणि हळू आवाजात सांगितलं, "मावशी, धनुर्वाताचा जंतू शेणात असतो. शेणी अर्धवट जळली तर राखेतही जिवंत राहतो. आणि ओली बेंबी म्हणजे उघडी जखम."

"ऊठ," सरूबाई म्हणाली.

"मी तुम्हाला दोष देत नाहीये..."

"ऊठ म्हन्ते ना! माझ्या आईच्या डबीला इख म्हन्तीस? चल, नीघ हितनं."

मृदुला उठली. जाता जाता उंबऱ्यातून कस्तुराला एवढंच म्हणाली, "महिन्याच्या अंतरानं धनुर्वाताच्या दोन सुया घ्यायला हव्यात तुला. उद्याच ये." पण ते व्हायचं नव्हतं. कस्तुराची सासू यशोदाबाई चाकणकडची, जबर बाई. तिनं निरोप धाडला, सुई म्हणजे नसबंदी, माझ्या सुनेला हात लावाल तर बघा. दोनच वर्षांपूर्वी जीप भरभरून माणसं नसबंदीच्या शिबिराला नेलेली सगळ्यांनी पाहिली होती. तिला तरी कसा दोष द्यायचा?

म्हणजे कस्तुराच्या पोटातलं बाळ सुईच्या राखणीविना, उघड्यावरच येणार होतं. सरूबाई दिवसभर कामात राहायची, माणसांवर खेकसायची, आणि दुपारी दार लोटून पुन्हा ते चिंचोके मांडायची. कुठंतरी एक तरी चिंचोका ओढ्यापलीकडं पडावा म्हणून आठवून आठवून तिचं डोकं भणभणायचं. एक पडला असता तर ती सुटली असती. पण पडायचं नावच घेईना. शेवटी तिनं डबी कनवटीची काढली आणि आढ्याच्या खोबणीत दडवली. फेकून द्यायचा मात्र धीर झाला नाही.

फेब्रुवारीच्या शेवटी, भर दुपारी, कस्तुराला मुलगी झाली. यशोदाबाई आदल्या दिवशीच येऊन ठाकली होती. सरूबाईनं नवं पातं उकळलं, नाळ कापली, बांधली आणि बेंबी तशीच कोरडी ठेवली.

"अंगारा लावला का, इहीणबाई?" यशोदाबाईनं चुलीजवळून विचारलं.

"लावला," सरूबाई म्हणाली. जन्मात कधी बाळंतिणीच्या खोलीत खोटं बोलली नव्हती बाई. त्या दिवशी बोलली.

चार दिवस बाळ दूध ओढत होतं. दर खेपेला सरूबाई त्याच्या तोंडाकडं बघायची, गालफडं हलली की मगच श्वास सोडायची. पाचव्या दिवशी सकाळी पाटा मांडला, हळदीकुंकू झालं. पूजेआधी बाळाला पुसायला घेतलं आणि यशोदाबाईच्या लक्षात आलं, की बेंबीवर राखेचा कणसुद्धा नाही.

"इहीणबाई! खोटं बोललात?" तिचा आवाज चढला. "अवो, गेल्या खेपेला सटवाईनं नेलं ते असंच कायतरी कमी पडलं म्हून! कुठं हाय डबी?"

तिनं कोनाडे धुंडाळले, उतरंड हलवली, आढ्यात हात घातला आणि डबी तिच्या हाती लागली. सरूबाई उठेपर्यंत तिनं झाकण काढून चिमूट भरली होती. बाळ पाट्याजवळ दुपट्यावर उघडं पडलं होतं. यशोदाबाई वाकली.

सरूबाईनं झेप घेऊन तिचं मनगट धरलं. राख दोघींच्या पदरावर सांडली.

"सोडा! माझी नात हाय ती!"

"माझी बी हाय! म्हून तर!" सरूबाई ओरडली. "त्या राखंतच मरान हाय. सटवाईनं कुनाला न्हाई नेलं. सतरा पोरं ह्या डबीनं नेली. ह्या माझ्या हातानं नेली. कस्तुराचं पयलं बी."

 यशोदाबाईच्या बोटांत उरलेली चिमूट आपोआप सुटली. कस्तुरा बाजेवरून उतरली, ओल्या बाळंतिणीनं उतरू नये तशी, वाकली, बाळ उचलून छातीशी धरलं आणि आईकडं पाठ केली. तिनं एवढंच म्हटलं, "आये, तू हिला हात लावू नगंस."

जिनं गावभरची बाळं पहिल्यांदा हातात घेतली, तिला आपल्याच घरात नातीला हात लावायची बंदी झाली. सरूबाईनं सांडलेली राख झाडून फडक्यात बांधली आणि डबीसकट अंगणात खड्डा खणून पुरली. पण त्यानंतर खोलीच्या उंबऱ्याच्या आत ती गेली नाही. बाहेर बसून आत बाळ चुरूचुरू दूध ओढतंय का ते ऐकत राहायची.

सातव्या दिवशी सकाळी तो आवाज आला नाही.

बाळ रडलं, गप्प झालं, पुन्हा रडलं. मग यशोदाबाई दारात आली. तोंडचं पाणी पळालं होतं बिचारीच्या. "इहीणबाई... पोर पीत न्हाई. तोंडात घेतं अन् सोडतं."

 सातवा दिवस. तोच सातवा दिवस! सरूबाई भिंत धरून उठली आणि उंबऱ्यापाशी थांबली. "कस्तुरे, मला बघू दे."

कस्तुरानं बाळ आणखी आवळलं. तिच्या डोळ्यांत राग होता, आणि रागाखाली नुसतं भय.

"अगं, बोट घालून बघावं लागतं. जबडा मिटला असंल तर बोटाला कळतं. मी सतरा वेळा बघितलंय, कस्तुरे. हितं दुसऱ्या कुनाला कळायचं न्हाई."

 कस्तुरानं बाळ पुढं केलं, पण सोडलं नाही, धरूनच ठेवलं.

सरूबाईनं कोपरापर्यंत साबण चोळला.  तिनं करंगळी बाळाच्या ओठांवर टेकवली. मिटलेल्या जबड्यात बोट शिरत नाही, उलट तो आणखी आवळतो, हे तिला पुरतं ठाऊक होतं. तिनं डोळे मिटून बोट आत सरकवलं.

तोंड उघडलं. बाळानं बोट चोखलं, चांगलं जोरात, आणि मग फुरफुरून सोडून दिलं.

"अगं माझे बाई!" सरूबाई रडत हसायला लागली. "नाक चोंदलंय हिचं! पडसं झालंय गं, पडसं! श्वास घ्यावा का दूध प्यावं तिनं?" तिनं स्वच्छ फडक्याची वात करून नाक मोकळं केलं. बाळ शिंकलं आणि आईला जे लुचलं ते सोडेना. यशोदाबाई मटकन खाली बसली आणि पदर तोंडाला लावून रडली. कस्तुरानं मात्र आईकडं पाहिलं नाही. सरूबाई पुन्हा बाहेर जाऊन बसली.

बाराव्या दिवशी बारसं. सकाळी मृदुला सायकल भिंतीला टेकवून आली, बाळाची बेंबी पाहिली. ती वाळून स्वच्छ झाली होती. नर्सनं हसून मान हलवली आणि वहीत खूण केली. सरूबाईनं तिच्यापुढं चिंचोक्यांचं गाडगं ठेवलं. "ह्या बाकीच्या सोळा घरांस्नी मी सोता सांगनार. तू संगं ये. त्यांनी जोडं मारलं तर मोजायला कुनीतरी पायजे."

न्हाणीत पाणी तापलं होतं. यशोदाबाई बाळाला न्यायला वाकली, तशी कस्तुरानं तिला थांबवलं आणि पाचवीनंतर प्रथमच आईकडं सरळ बघितलं.

"आये, खरं सांग. माझ्या पयल्याला किती लावलावतास?"

सरूबाईला खोटं बोलता आलं असतं. तिच्या ओठांवर आलंही होतं.

"दोन चिमटी," ती म्हणाली. "गावाच्या पोरांस्नी येक लावायची. तुझा व्हता म्हून दोन लावल्या."

 कस्तुराच्या डोळ्यांतून पाणी ओघळलं आणि तिनं दुपट्यासकट बाळ आईपुढं धरलं.

"घे. पानी निवंल. तूच न्हाऊ घाल हिला."

सरूबाईनं हात पुढं केले आणि पुन्हा मागं घेतले. "थांब गं," ती म्हणाली, "आधी हात धुते," आणि साबण घेऊन न्हाणीकडं गेली.