सकाळी उठायचं आहे

माणूस गेला की सिस्टर आधी खिशातून कंगवा काढायच्या. डॉक्टरांनी छातीवरचा स्टेथोस्कोप उचलला, नातेवाइकांचा पहिला आकांत ओसरला, की त्या पडदा ओढून घ्यायच्या. ओल्या कापडाने चेहरा पुसायच्या, सदऱ्याची बटणं लावायच्या आणि केस विंचरायच्या. एखाद्या आईने पोराला शाळेत पाठवावं, तशी त्यांची लगबग असे.

आमच्या हॉस्पिटलच्या औषधांच्या खिडकीत मी बसत असे. त्यांचा पुरुषांचा वॉर्ड समोरच होता. देहाने आडव्या, चालीने घाईच्या आणि आवाजाने अशा, की जिन्यापलीकडचा रोगीही गोळी घ्यायला उठून बसे. धर्माने ख्रिस्ती, बोलीने अस्सल नागपूरकर.

एकदा इतवारीतला एक म्हातारा हातगाडीवाला वॉर्डात वारला. त्याला मागे-पुढे कोणी नव्हतं. सिस्टर त्याची नखं कापायला बसल्या. वॉर्डबॉय वैतागला.

"सिस्टर, याले कोण पाहणार आहे?"

"सकाळी उठायचं आहे ना त्याले. असा उठन काय?"

"कोणत्या सकाळी?"

"ते मले नाही माहीत. पण देव मेलेल्यांले उठवन, ती सकाळ होणार आहे, हे पक्कं."

वॉर्डबॉयने माझ्याकडे पाहून डोळे मिचकावले. मीही हसलो. तुम्हीही हसला असतात. पण इतक्या खात्रीने बोलणाऱ्या माणसावर फार वेळ हसता येत नाही. थोड्या वेळाने पाहिलं तर तोच वॉर्डबॉय म्हाताऱ्याच्या टाचांचा चिखल पुसत होता.

माझे वडील त्याच वॉर्डात वारले. भिवापूरजवळ आमची मिरचीची शेती. त्यांना उपचारांसाठी नागपूरला आणलं, ते परत न्यायचे राहिलेच. सिस्टरांनी त्यांचा चेहरा पुसला, मिशा सारख्या केल्या आणि मला विचारलं,

"भाऊ, भांग कोणत्या बाजूले पाडत होते गा?"

मला आठवेना. जन्मभर ज्यांच्यासमोर वाढलो, त्यांचा भांग मला आठवेना! आई भिंतीशी बसली होती. ती म्हणाली, "उजवीकून." आणि तिला रडू फुटलं. सिस्टरांनी उजवीकडून भांग पाडला, मग आईच्या शेजारी खालीच बसल्या.

बाहेर आल्यावर मी जरा कडवटपणे म्हणालो, "सिस्टर, आम्ही तर अग्नी देणार. राखेतून कोण उठणार आहे?"

त्या रागावल्या नाहीत. "ज्यानं मातीतून माणूस बनवला, त्याले राख काय जड आहे? तुम्ही तुमच्या रीतीनं करा, भाऊ. मी माझ्या विश्वासानं केलं."

मला ते पटलं असं नाही. पण वडिलांचा तो नीट विंचरलेला चेहरा मी घाटापर्यंत पाहत गेलो.

मग करोना आला. सिस्टरांचे यजमान चित्रकलेचे निवृत्त शिक्षक होते. शांत, बायकोच्या आवाजामागे सुखाने लपणारे. ते दुसऱ्या हॉस्पिटलात दाखल झाले आणि सिस्टर आमच्याकडे ड्यूटीवर असतानाच गेले. कब्रस्तानात मी सिस्टरांबरोबर होतो. गाडीतून चेन लावलेली पिशवी उतरली. सिस्टर पुढे झाल्या.

"जरा चेन उघडता काय? फक्त केस..."

किट घातलेल्या माणसाने हात जोडले. "ताई, परवानगी नाही."

त्या मागे सरल्या. दोरांनी पिशवी खाली गेली.

पुढे त्या कामावर येत राहिल्या, पण वॉर्डातून आवाज येईनासा झाला. एका दुपारी त्या माझ्या खिडकीशी सलाइनच्या बाटल्या न्यायला आल्या आणि तिथेच कोसळल्यागत बाकावर बसल्या.

"सारं नागपूर तयार करून पाठवलं गा मी. अन् आमच्या यांचं काहीच नाही केलं. कोणाकोणाचे केस विंचरले, अन् घरच्या माणसाले तसंच पाठवलं."

मी म्हणालो, "पण तुमच्या विश्वासाप्रमाणे ते उठणार आहेत ना?"

"उठणार आहेत. पण मी आत्ता रडून राहिली ना!"

मी बाटल्या बाजूला ठेवून बाहेर आलो आणि त्यांच्या शेजारी बसलो. दुसरं काय करणार?

वर्ष गेलं. ईस्टरच्या आदल्या दिवशी जिन्यावरून तोच जुना आवाज आला. सिस्टर खिडकीवर कोपरं टेकून उभ्या राहिल्या. चेहरा उजळलेला.

"भाऊ, लहानपणापासून ती गोष्ट ऐकून राहिली, अन् आज समजली."

"कोणती?"

"येशूले शुक्रवारी घाईघाईत कबरेत ठेवलं होतं. सण लागत होता. सुगंधी द्रव्यं लावायचं राहूनच गेलं. म्हणून त्या बाया रविवारी पहाटे गेल्या, राहिलेलं काम करायले. अन् तिथं तो होताच कुठं! उठून गेला होता." त्या थांबल्या. "त्या बायांचं काम राहिलं म्हणून तो उठायचा थांबला काय? मले वाटे, मी तयार केलं तरच माणूस नीट उठन. मोठी आली मी!"

आणि त्या हसल्या. वर्षभरानंतर.

"मग आता वॉर्डातलं ते काम सोडणार?" मी विचारलं.

"काहून सोडू? पहिले जराशी घमेंड होती त्यात. आता नुसती माया राहिली." त्यांनी डोळे पुसले. "उद्या पहाटे कब्रस्तानात प्रार्थना आहे. येता काय?"

मी गेलो होतो. ते सांगण्याआधी हे सांगायला हवं, की आता सिस्टर नाहीत. गेल्या वर्षी दुपारी जेवून आडव्या झाल्या, त्या उठल्या नाहीत. मी तेव्हा गावी होतो; परतलो तेव्हा सगळं आटोपलं होतं. त्यांच्या वॉर्डात आता एक हळू बोलणारी तरुण सिस्टर आहे. चांगली आहे.

पण माझ्या डोळ्यांपुढे येते ती ईस्टरची पहाट. झुंजुमुंजू झालेलं, कबरींवर मेणबत्त्या लागत होत्या, लोक नव्या कपड्यांत येत होते. सिस्टर फाटकात उभ्या राहून येणाऱ्या प्रत्येकाला मोठ्याने सांगत होत्या, "प्रभू उठला आहे!" लोक उत्तर देत होते, "खरोखर उठला आहे!" फाटकाशी झेंडूची टोपली घेऊन एक फूलवाली बसली होती. सिस्टर तिच्याकडे वळून तितक्याच आनंदाने म्हणाल्या, "प्रभू उठला आहे, बाई!"

ती हार ओवता ओवता म्हणाली, "मी तं चारलेच उठली, ताई."

सिस्टर फाटकाला धरून हसल्या. गदगदा, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग पदराने तोंड पुसत म्हणाल्या,

"बरं केलं वं. दे फुलं. माझा माणूस आत वाट पाहून राहिला."