अक्षरगिरी मठाचे रेकॉर्डकीपर

देवळाली प्रवऱ्याच्या शामकांतरावांनी चौतीस वर्षं सरकारी रेकॉर्डरूम सांभाळली आणि त्या चौतीस वर्षांत त्यांना बढत्या किती मिळाल्या, तर एकही नाही. कारण साधं होतं. बाकीचे कारकून आवक-जावक रजिस्टरात मधूनमधून एखादी ओळ कोरी सोडायचे. पुढे एखाद्या साहेबाला मागल्या तारखेचा कागद लागला की तो त्या कोऱ्या ओळीत अलगद बसायचा, आणि बसवणारा अलगद वर सरकायचा. शामकांतराव मात्र रोज संध्याकाळी शेवटच्या नोंदीखाली पट्टी धरून लाल रेघ मारायचे. साहेब बदलले, रेघ बदलली नाही. निरोपसमारंभात त्यांना शाल, नारळ आणि एक पट्टी मिळाली. पट्टी चेष्टेने दिली होती. त्यांनी ती मनापासून घेतली.

घरी बसल्यावर त्यांनी किराणा सामानाच्या डब्यांना क्रमांक द्यायला सुरुवात केली, तेव्हा त्यांच्या मुलीने, निवेदिताने, त्यांना आपल्या रविवारच्या खेळात ओढलं. निवेदिता राहुरीला ज्युनियर कॉलेजात शिकवते. हा खेळ ती पुण्याच्या होस्टेलवर शिकली. यात पत्ते नाहीत, सोंगट्या नाहीत. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी गोष्टीतलं एकेक माणूस व्हायचं, आणि अडेल तिथे वीस बाजूंचा फासा टाकायचा; मोठा आकडा पडला की काम फत्ते. गोष्ट निवेदिता सांगे. दूध संकलन केंद्र चालवणारा मच्छिंद्र कुऱ्हाडवाला योद्धा होता. दवाखान्यातली नर्स रेश्मा चेटकीण होती. आठवडाभर माणसं बरी करून कंटाळल्यावर रविवारी त्यांना जाळायला तिला बरं वाटे.

वडिलांना निवेदिताने झेपेल असं काम दिलं. अक्षरगिरी नावाच्या डोंगरावर एक मठ, तिथले भिक्षू जगाचं सगळं जुनं ज्ञान जपणारे, आणि त्यांतला एक वृद्ध भिक्षू म्हणजे शामकांतराव. वाटसरूंनी यायचं, प्रश्न विचारायचा, भिक्षूने दोन गूढ वाक्यं बोलायची, वाटसरूंनी वाटेला लागायचं. एवढंच.

शामकांतरावांनी दोन महिन्यांत त्या मठाची नऊ रजिस्टरं तयार केली. अनुक्रमणिकेसह.

मग मच्छिंद्रचा योद्धा मठाच्या दारात आला.

"बाबाजी, त्या ड्रॅगनचा जीव कशात हाय तेवढं सांगा. गावंच्या गावं खाऊन चाललाय."

"अर्ज आणलाय?"

"कसला अर्ज?"

"विहित नमुन्यातला. माहिती कोणत्या कारणासाठी हवी ते नमूद करून."

"काका, मान्सं गिळतोय तो."

"मग तेच नमूद कर."

मच्छिंद्रने केलं. तालुक्याचा रकाना रिकामा राहिला म्हणून अर्ज परत आला. दुसऱ्या रविवारी सही चुकीच्या जागी होती. तिसऱ्या रविवारी अर्ज मंजूर झाला, तोवर ड्रॅगनने चार गावं संपवली होती. मठात मात्र त्या चारही गावांची घरटी नोंद चोख झाली.

निवेदिताचंही गोष्ट सांगणं अवघड झालं. ती म्हणे, "तुम्ही पुलावरून जाता," की शामकांतराव चष्मा सरळ करत, "रजिस्टर तीन, पान एक्केचाळीस. तो पूल पडून शंभर वर्षं झाली." मग सगळे वीर वळसा घालून जात. रेश्माने सांगून टाकलं, की असंच चाललं तर ती रविवारी धुणं धुवेल, त्यात जास्त मजा आहे.

"आई, बाबांचा मठ जाळावा लागणार," निवेदिता स्वयंपाकघरात म्हणाली.

इंदूबाई कणीक तिंबत होत्या. "जाळ. मला चौतीस वर्षं ते ऑफिस जाळायचं होतं. मला कुणी फासा दिला नाही."

पुढच्या रविवारी बाहेरून उसाचे ट्रॅक्टर गाणी लावून चालले होते आणि आत पडवीत अक्षरगिरी पेटला. शामकांतरावांचा चहा तसाच राहिला. "किती जळालं?" त्यांनी विचारलं.

"दोन कपाटं. तिसऱ्याला धग लागलीय."

मच्छिंद्र तसा मनाने चांगला. तीन रविवार विसरून तो उठला. "काका, सरका. इहिरीवरून पानी आनतो."

निवेदिताने शांतपणे पहिलं रजिस्टर उघडलं. "नियम सात. दप्तरखान्यात पाणी नेण्यास सक्त मनाई. परवानगी लेखी, आणि अर्ज आल्यावर सात दिवसांनी." तिने वडिलांकडे पाहिलं. "अक्षर तुमचंच आहे ना?"

अक्षर त्यांचंच होतं. वळणदार होतं.

"मागली तारीख टाका की," मच्छिंद्र म्हणाला. "कोन बघतंय हितं?"

यावर शामकांतराव चिडतील असं सगळ्यांना वाटलं. ते चिडले नाहीत. त्यांनी मठाचं आवक-जावक रजिस्टर ओढलं आणि आठवडाभरापूर्वीचं पान काढलं. इंदूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. शामकांतरावांचं बोट ओळीओळीवरून खाली गेलं. मग मागचं पान. मग त्याच्या मागचं. कोरी ओळ कुठेच नव्हती. प्रत्येक दिवसाखाली लाल रेघ. जन्मात पहिल्यांदा माणूस लबाडी करायला निघाला, आणि त्याच्याच पट्टीने त्याला जागा ठेवली नव्हती.

"तिसरं कपाट पेटलं," निवेदिता म्हणाली.

"तिसऱ्यात ती चार गावं आहेत," शामकांतराव म्हणाले. "घरटी नावं. आता ती दुसरीकडे कुठे नाहीत."

मच्छिंद्र फासा हातात घेऊन खाली बघत राहिला. त्या गावांच्या वतीने तीन अर्ज त्यानेच लिहिले होते.

"मच्छिंद्र, पाणी आण."

"लेखी?" निवेदिताने विचारलं.

"तोंडी," शामकांतराव म्हणाले. हा शब्द त्यांनी असा उच्चारला, जसा दुसरा एखादा शिवी उच्चारतो.

फासा पडला. सतरा. आग विझली, तिसरं कपाट वाचलं, आणि मठही वाचला. निवेदिताने कपाळाला हात लावला. तिची आठवडाभराची तयारी मच्छिंद्रच्या एका बादलीत वाहून गेली होती.

शामकांतरावांनी थंड चहा एका घोटात संपवला आणि नवं पान काढलं. आजची तारीख घातली. रेश्माने वाकून वाचलं.

"कारणे दाखवा नोटीस? कुणाला?"

"मला. नियम सातचा भंग. निलंबित का करू नये, अशी विचारणा आहे."

"देतंय कोण?"

"मीच. दुसरं आहे कोण तिथे?"

"म्हणजे बाबा, मठ आता बंद?" निवेदिताच्या आवाजात जरा आशा होती.

"छे. चौकशी होईल. आगीच्या वेळी हजर होते त्या सगळ्यांचे जबाब लागतील. तिघांनीही ओळखपत्राची झेरॉक्स आणायची."

"माझ्या आधारची," मच्छिंद्रने विचारलं, "का त्या कुऱ्हाडवाल्याची?"

"दोन्ही," शामकांतराव म्हणाले, आणि पट्टी धरून त्यांनी लाल रेघ मारली.