तिसरा टेपरेकॉर्डर

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस एका सुट्टीच्या दिवशी मी दुरुस्त केलेला टेपरेकॉर्डर काखेत धरून भवानी पेठेतून चाललो होतो. एका दारातून बनियन घातलेला चाळिशीचा माणूस धावत आला.

“साहेब, तुमचा टेप अर्धा तास द्या की! माझ्याकडं दोन हायत, तिसऱ्यावाचून अडलंय.”

तो यंत्रमागावर कामाला होता. ऑर्केस्ट्रातल्या मित्रांनी त्याला एकाच चालीवर एका कॅसेटवर ड्रम आणि दुसरीवर बेस गिटार वाजवून दिली होती. दोन्ही एकदम लावून तिसऱ्या टेपवर उतरवायचं वेड त्यानं घेतलं होतं. मला नाही म्हणवेना.

“एक, दोन, तीन!” आम्ही दोघांनी बटणं दाबली. पाच वेळा चुकलो. सहाव्यांदा ताल जुळला, पण ड्रमपुढे बेस ऐकूच येईना. त्यानं ड्रमचा टेप स्वयंपाकघरात नेला, वर जाड चादर टाकली आणि तिथूनच आकडे ओरडला.

या वेळी बेस जमिनीतून वर आल्यासारखा घुमला. तो नाचत बाहेर आला. भाकरी थापणारी त्याची बायको पिठाच्या हातांनी टाळ्या पिटू लागली. मीही नाचलो.

“ती दोघं भांडत नव्हतीच हो,” तो धापा टाकत म्हणाला, “नुसती लई जवळ बसली हुती.”

मी निघालो. वळणावर तो अनवाणी पळत आला. “साहेब, कॅसेट तुमच्या टेपमधीच ऱ्हायली!”

टेपात सेल होते. कॅसेट मागं फिरवून भर रस्त्यात बटण दाबलं. रसवाल्यानं चरक थांबवला. नाव विचारायचं राहूनच गेलं. आम्ही ऐकत होतो.