एक पोर्ट उघडं ठेवलं होतं
आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलं नाही, त्यामुळे मी असं लिहायला बसणं हे धाडसच, सांभाळून घ्या. कॉम्प्युटर घेतला तेव्हा वरच्या वर्गातल्या मित्रानं त्याची पोर्ट, म्हणजे इंटरनेटवरून आत यायच्या वाटा, बंद केली, एकच उघडं ठेवलं. "हे माझं. बेंगलोरातनं तुझा अभ्यास बघतो की," म्हणाला. नोकरीला गेल्यावर तो खरंच यायचा. माउसचा बाण आपोआप हलायचा आणि पडद्यावर 'जेवलास काय?' उमटायचं. मग बरेच आठवडे काहीच नाही. एका संध्याकाळी बाण पुन्हा हलला, पण अक्षर उमटेना. आई हरखली, "त्याला म्हणावं, आता घरीच ये जेवायला." मी तसं टाइप केलं. बाण जरा थबकला, मग स्थिर झाला. दुसऱ्या दिवशी त्याच्या गावाहून, नेसरीहून, त्याचा भाऊ आला. उंबऱ्यातच म्हणाला, "त्यो गेला की. म्हैना झाला."