गोकुळ गेला, चौथ्यांदा

शुक्रवारी सकाळी आमच्या शाळेत दहावीचा सराव पेपर चालू होता, आणि मी धुळ्याच्या त्या गारठलेल्या वर्गात पोरांवर लक्ष ठेवायचं सोडून टेबलाखाली मोबाइल बघत होतो. वर्गात मोबाइल आणू नका म्हणून पोरांवर खेकसणारा मास्तर मीच. कॉलेजच्या ग्रुपवर गोकुळच्या नंबरवरून मेसेज आला होता, 'गोकुळ आज सकाळी सहा वाजता वारला. अंत्ययात्रा दुपारी चार वाजता राहत्या घरून.' मला हसू आलं. खरंच आलं, आणि ते मी लपवणार नाही, कारण लपवायचं तर हे लिहायला बसायचंच कशाला? रविवारी आमची भरीत पार्टी ठरलेली होती, जळगावहून वांगी आणायचं काम गोकुळकडे होतं, आणि मागची दोन वर्षं हा माणूस ऐनवेळी टांग मारत आला होता. माझ्याआधी तिघं हसून मोकळे झाले होते. एकानं विचारलं होतं, 'वांगी कोणाकडे देऊन गेला?' मग मी लिहिलं, 'चौथ्यांदा? ह्या वेळी गंधमुक्तीला भरीत-पुरी झालीच पाहिजे!' आमच्याकडे तेराव्याच्या कार्याला गंधमुक्ती म्हणतात. पुढे हसून हसून डोळ्यांत पाणी आलेली तीन तोंडं टाकली. मोबाइल खिशात घातला आणि मागच्या बाकावरच्या पोराला पुढे आणून बसवलं.

असं कोण लिहितं, असं वाचणाऱ्याला वाटेल. त्यासाठी गोकुळ कोण होता ते सांगायला हवं.

धुळ्याच्या पश्चिमेला, पिंपळनेरच्या वाटेवर एका लहानशा गावात आमचं कॉलेज होतं. बावीस-तेवीस वर्षं झाली. सहा पक्क्या खोल्या, चार पत्र्याच्या, एक मैदान, आणि कॅन्टीन म्हणजे गेटबाहेरची चहाची टपरी. निम्मी पोरं आजूबाजूच्या खेड्यांतून एस.टी.नं यायची आणि शेवटची गाडी चुकू नये म्हणून शेवटचा तास बुडवायची. पोरं-पोरी एका वर्गात तीन वर्षं बसायची आणि एकमेकांशी तीन वाक्यंही बोलायची नाहीत. वही हवी असली तरी ती आधी प्राध्यापकांच्या टेबलावर जायची आणि तिथून उचलली जायची. अशा कॉलेजात गोकुळ आला. हडकुळा, पांढऱ्या शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेला, आणि अक्षर असं की छापील वाटावं. पहिल्याच महिन्यात फाटकाजवळच्या फळ्यावर रोजचा सुविचार लिहायचं काम त्याच्याकडे आलं. सुविचार तो स्वतःच रचायचा आणि खाली 'एक थोर विचारवंत' असं लिहायचा. प्राचार्यांनी एकदा भाषणात त्यातला एक वापरला, तेव्हा आम्ही मागच्या रांगेत तोंडात रुमाल कोंबून बसलो होतो.

पोरा-पोरींची एकत्र भरीत पार्टी ही त्याचीच कल्पना. थंडी पडली की आमच्याकडे शेतात कपाशीच्या काड्या पेटवायच्या, त्यात मोठाली हिरवी वांगी भाजायची, मिरच्या-लसूण घालून लाकडी भांड्यात ठेचायची आणि पुऱ्यांबरोबर बोटं चाटत खायची. हे घराघरांत, भाऊबंदांत चालायचं. कॉलेजच्या पोरी पोरांबरोबर शेतात जेवायला येणार, हे मात्र कोणाच्या ऐकण्यातही नव्हतं. पोरी म्हणाल्या, मंदा आली तर आम्ही येऊ. मंदा वर्गातली सगळ्यात हुशार आणि सगळ्यात करारी. तिचे वडील एस.टी.त कंडक्टर होते आणि आमची अर्धी वरात त्यांच्याच गाडीनं यायची. गोकुळ त्यांना विचारायला घरी नाही गेला, भर गाडीत गेला. माणसं दांड्याला लोंबकळताहेत, गाडी खड्ड्यांत आदळते आहे, आणि हा त्यांच्यासमोर उभा राहून आमच्या अहिराणीत म्हणाला, "नाना, मंदाले भरीतले येऊ द्या ना. बठ्ठ्या पोरी येणार शेतस." सगळ्याच पोरी येणार म्हटल्यावर सगळी गाडी गप्प झाली. नानांनी त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाले, "पहिले तिकीट काढ." त्यानं तिकीट काढलं. दोन थांबे गेले, तिसऱ्याला नाना स्वतःच मागे आले आणि म्हणाले, "अंधार पडाना आधी घर आनी सोडजो." त्या रविवारी नऊ पोरी आल्या. पुऱ्या लाटताना, वांगी सोलताना हात पोळत होते, आणि तीन वर्षांत न बोललेली माणसं एकमेकांना मीठ मागत होती. आमचा आजचा हा जो ग्रुप आहे ना, तो त्या दिवशी झाला. मोबाइल पुष्कळ नंतर आले.

आता त्या फळ्याबद्दल. दुसऱ्या वर्षाची चाचणी होती आणि आमच्यापैकी कोणाचाच अभ्यास झालेला नव्हता. सकाळी कॉलेजात आलो तर सुविचाराच्या जागी काळ्या चौकटीत लिहिलेलं, 'कळविण्यास अत्यंत दुःख होते की, आपल्या संस्थेचे ज्येष्ठ संचालक आबासाहेब यांचे काल रात्री वृद्धापकाळाने दुःखद निधन झाले. सबब आज महाविद्यालय बंद राहील.' अक्षर असं सुरेख आणि 'सबब' असं चपखल की शंका घ्यायला जागाच नव्हती. क्लार्कनं वाचलं, त्याला वाटलं प्राचार्यांनी सांगितलं असेल. प्राचार्यांनी वाचलं, त्यांना वाटलं संस्थेतून क्लार्कला फोन आला असेल. मैदानावर सगळ्यांना उभं केलं, प्राचार्य गहिवरून चार वाक्यं बोलले आणि दोन मिनिटं शांततेला सुरुवात झाली. तेवढ्यात फाटकातून फटफट करत मोटारसायकल आली. आबा होते. कसल्या तरी बैठकीला आले होते. एवढी माणसं माना खाली घालून उभी दिसल्यावर त्या भल्या माणसानं गाडी बंद केली, टोपी काढली आणि तेही मागच्या रांगेत मान खाली घालून उभे राहिले. दोन मिनिटं संपल्यावर शेजारच्या पोराला हळूच विचारलं, "कोण गया रे भाऊ?" तो पोरगा जागेवरून पळाला तो थेट एस.टी. स्टँडवर जाऊन थांबला म्हणतात.

त्याचं नाव कोणी सांगितलं नसतं. पण फळ्याच्या खडूचा डबा शिपायाकडे असायचा, आणि दुपारी त्या बिचाऱ्यालाच धारेवर धरलं हे कळल्यावर गोकुळ चालत ऑफिसात गेला आणि म्हणाला, मी लिहिलं. आबा तिथंच बसलेले होते. त्यांनी बराच वेळ त्याच्याकडे बघितलं आणि एकच विचारलं, "मनासाठे कितला जण रडनात?" गोकुळ म्हणाला, "दोन, आबा. त्यासना अभ्यास व्हयेल व्हता." आबा इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. पंधरा दिवस कॉलेजबाहेर बसायची शिक्षा झाली, आणि ते पंधरा दिवस गोकुळनं टपरीवर बसून आम्हा सगळ्यांचे चहा प्यायले.

तेव्हापासून मरण ही आमच्यात चेष्टेची गोष्ट झाली. कोणी तास बुडवला की हजेरीच्या वेळी मागून आवाज यायचा, 'वारला सर.' पुढे सगळे पांगलो. मी धुळ्यात मास्तर झालो, मंदा जळगावला नर्स झाली, गोकुळही जळगावलाच ठिबक सिंचनाच्या दुकानात लागला आणि नंतर स्वतःचं दुकान टाकून बसला. लग्न झालं, मुलगी झाली, पोट सुटलं, पण सवय सुटली नाही. तो ग्रुपवर तीनदा मेला. एकदा माझ्या धाकट्या भावाच्या लग्नाला यायचं नव्हतं म्हणून, आणि दोनदा भरीत पार्टीच्या आदल्या दिवशी. स्वतःच्या फोटोला हार घालून, खाली 'शोकाकुल : समस्त मित्रपरिवार' असं लिहून पाठवायचा. आम्ही शिव्या घालायचो, अर्ध्या तासानं त्याचा फोन यायचा, "काय करी ऱ्हायना मास्तर? रडना का नही?" हे सगळं आम्ही चालवून घेतलं. मजा वाटायची. खरं सांगायचं तर आजही, हे लिहिताना, मला त्यातलं निम्मं हसू येतंच.

...तर शुक्रवार. पेपर संपला, गठ्ठे बांधले, आणि साडेदहाच्या सुमारास मी पुन्हा मोबाइल काढला. मी धरून बारा जणांनी लिहिलं होतं. माझ्या गंधमुक्तीच्या वाक्यावर पाच जण लोळून हसले होते. मेसेज कोणी कोणी वाचला ते बघितलं, तर यादीत गोकुळचंही नाव. म्हणजे बेटा वाचतोय आणि मजा घेतोय. मी पुढचं लिहायला घेतलं, आणि तेवढ्यात मंदाचा मेसेज आला, 'मी त्याच्या घरी आहे. खरं आहे. हसू नका.'

एवढंच. मी त्या ओळीकडे बघत राहिलो. मग समोर एकेक मेसेज नाहीसा व्हायला लागला. 'हा मेसेज डिलीट केला आहे', त्याखाली परत तेच, त्याखाली परत... बारा जणांचं हसणं बारा सारख्या ओळींत बदललं. मीही माझं पुसलं. पुसताना मला दिसलं की गोकुळच्या नंबरवरून ते केव्हाच वाचून झालंय. मी मंदाला फोन लावला. "हार्ट अटॅक," ती म्हणाली. "झोपेतच. डॉक्टर येईपर्यंत संपलं होतं." मी विचारलं, मग मेसेज? "गौरीनं पाठवला. त्याच्या चुलतभावानं सांगितलं तसा तिनं टाइप केला. फोन अजून तिच्याच हातात आहे."

गौरी म्हणजे गोकुळची मुलगी. नववीत आहे. तिला मी तिच्या बारशापासून ओळखतो.

अकराची गाडी पकडली. पारोळा गेलं, एरंडोल गेलं, खिडकीतून काय दिसलं ते आठवत नाही. एकच वाक्य डोक्यात होतं, माझंच. गोकुळला हॉलमध्ये ठेवलं होतं, नाकात कापूस, अंगावर कोरं धोतर, जन्मात कधी न नेसलेलं. मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत उभा राहिलो. ओठांच्या कोपऱ्यात काही हलतंय का, हे बघत होतो. लाज वाटते सांगायला, पण बेचाळीस वर्षांचा, बायको-पोरं असलेला मी, प्रेताजवळ उभा राहून त्याच्या हसण्याची वाट बघत होतो. पलीकडे वहिनींच्या खांद्याला टेकून गौरी बसली होती. तिनं मान वर केली तसा मी एका जाड माणसाच्या मागे सरकलो. तिरडी उचलली तेव्हाही तिच्या बाजूनं नाही, दुसऱ्या बाजूनं खांदा दिला. संध्याकाळी कोणाला न सांगता धुळ्याची गाडी धरली. दहाव्याला परीक्षेचं कारण सांगितलं. गंधमुक्तीला तर जाणं शक्यच नव्हतं. तिथं पंगतीत बसून मी काय खाणार होतो? वाढायला ती पोरगी आली असती तर?

महिना होत आला तेव्हा मंदाचा फोन आला. तिनं पाल्हाळ लावला नाही. "तू येत का नाहीस ते मला माहिती आहे. त्या पोरीनं तुझं वाचलंय हे खरं आहे. आता तोंड लपवून ते न वाचलेलं होणार आहे का?" मी म्हणालो, येतो. म्हणाली, "ह्या रविवारी ये. आणि वहिनींसमोर रडत बसू नको, त्यांना पुष्कळ कामं आहेत."

रविवारी गेलो. वहिनी दुकानाच्या कागदपत्रांत बसल्या होत्या. दुकान आता त्या स्वतःच चालवणार आहेत. चार शब्द बोलून चहा ठेवायला आत गेल्या. गौरी पाणी घेऊन आली आणि समोरच्या खुर्चीवर बसली. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या होत्या. वाटेत मी पुष्कळ वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही आठवेना.

"गौरी, त्या दिवशी ग्रुपवर मी जे लिहिलं..."

"वाचलं मी काका. सगळ्यांचंच वाचलं."

"तुला राग आला असेल. यायलाच पाहिजे. मी..."

"राग नाही आला." ती ग्लासकडे बघत होती. "मला खूप बरं वाटलं होतं."

मला कळेना.

"डॉक्टर काका बोलून गेले होते, मम्मी रडत होती, सगळं खरंच वाटत होतं. मग तुमचे मेसेज यायला लागले. सगळे हसत होते. तुम्ही तर पप्पांना किती वर्षांपासून ओळखतात... मला वाटलं, ह्या लोकांना माहिती असेल. एवढे सगळे चुकणार थोडेच." आत स्टोव्हवर चहा उकळल्याचा आवाज येत होता. "मग मी पप्पांच्या खोलीत गेले. दार लावून घेतलं. त्यांच्या कानात सांगितलं, सगळ्यांनी ओळखलं पप्पा, आता उठा."

मी ग्लासातलं उरलेलं पाणी पिऊन टाकलं.

"मंदामावशी आल्या ना, तोपर्यंत उठवत होते मी," गौरी म्हणाली, आणि माझा रिकामा ग्लास उचलून आत गेली.