जनरलच्या नावावरची पिल्लं

स्वयंपाकघरातली जाळीची खिडकी मी उघडी ठेवली आणि भाजी आणायला गेलो. चूक एवढीच. तिच्यावर मी जे रचत गेलो, ते मात्र सहा वर्षं कुणालाही सांगितलेलं नाही — बायकोला नाही, मुलीला नाही, आणि ज्यांना सांगायला हवं त्या कर्नलसाहेबांना तर मुळीच नाही. गेल्या महिन्यात एका व्यक्तीसमोर तोंड उघडलं, पण ते कसं झालं ते ऐकलंत की तुम्हीच म्हणाल, याला सांगणं म्हणत नाहीत.

आता तुम्ही विचाराल, खिडकी उघडी राहिली तर त्यात लपवण्यासारखं काय? थांबा. मला जरा लांबून यावं लागेल. सरळ मुद्द्यावर येण्याची सवय असती तर ही वेळ आली असती का?

मी गव्हाच्या जाती जुळवतो. पोट त्यावरच चालतं, आणि नावामागचं ‘डॉक्टर’ही त्यातलंच. आमच्या कामात पहिली गोष्ट म्हणजे कोवळ्या ओंबीतले परागकोश चिमट्यानं एकेक करून उपटायचे — थोडक्यात, त्या फुलातला नर आधी निकामी करायचा — आणि मग ओंबीवर कागदी पिशवी चढवायची, म्हणजे शेजारच्या वाफ्यातला भलताच पराग आत शिरणार नाही. वीस वर्षं हे करतोय. माझ्या पिशवीत भलता पराग शिरला असं एकदाही झालेलं नाही. हे लक्षात ठेवा, म्हणजे माझी पुढची अक्कल नीट मापता येईल.

आमच्याकडे शेवंती नावाची मांजर होती. काळी, गळ्याशी पांढरी. आणि चंडीमंदिरच्या छावणीत राहणाऱ्या कर्नलसाहेबांकडे जनरल नावाचा बोका. काळापांढराच, पण काय रुबाब! घरात आपल्यावरचा एक तरी अधिकारी हवा, म्हणून हे नाव, असं साहेब सांगायचे. चंडीगडातल्या आम्हा मराठी मंडळींत साहेबांचा दरारा आणि त्याहून जास्त लोभ. त्यांची एकच हौस होती — जनरलचं एक पिल्लू हवं, आणि ते कसं? अंगात काळा कोट, छातीला पांढराशुभ्र शर्ट, चारी पायांत पांढरे मोजे. फौजी अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये जेवायला निघाल्यासारखं.

आणि मी काय म्हणालो? “साहेब, त्यात काय! गहू जमतो, मग मांजर का नाही?”

खरं सांगू? नाही जमत. पिल्लू पोटात असताना काळा रंग पाठीकडून खाली पसरत येतो, आणि जिथवर पोचत नाही तिथं पांढरं राहतं. पांढरं येईल एवढं आईबापांवरून सांगता येतं. ते शर्टावर येईल की अर्ध्या नाकावर, हे ब्रह्मदेवालाही ठरवता येत नसावं. मला हे माहीत होतं. तरी त्यांच्या जेवणाच्या टेबलावर कागदी रुमालावर चौकोन आखून मी असं काही समजावलं, की साहेबांनी उठून माझ्याशी हात मिळवला. “डॉक्टर, यार, पक्का?” “पक्का!” वहिनी — साहेबांची बायको — तेवढ्या हसल्या. मला वाटलं, कौतुकानं.

फेब्रुवारीअखेर, सीमेवरून रजेवर आलेल्या साहेबांनी स्वतः जनरलला टोपलीतून आमच्याकडे आणलं. सेक्टर ३९ मधल्या आमच्या दोन खोल्यांत तीन दिवसांचा पाहुणचार. शेवंती माजावर आलेली. ती लोळतेय, ओरडतेय, शेजारचे दार वाजवतायत — आणि जनरल फ्रिजवर झोपलेला. पहिला दिवस झोप. दुसरा दिवस झोप. मधे एकदा उतरला, शेवंतीच्या ताटलीतलं खाल्लं, परत वर. मी त्याला काय काय समजावलं ते लिहीत नाही.

दुसऱ्या दुपारी गॅसवर दूध जळलं, वास जावा म्हणून मी खिडकी उघडली, आणि — गेलो भाजीला.

परत आलो तर मागच्या स्कूटरच्या शेडवर शेवंती. आणि तिच्याबरोबर थानेदार. हा आमच्या मार्केटचा बोका. काळापांढरा, एक कान फाटलेला, नाकाखाली डावीकडे काळी अर्धी मिशी. दुकानादुकानांतून हप्ता वसूल केल्यासारखा फिरायचा, म्हणून दूधवाल्या सरदारजींनी हे नाव ठेवलेलं. मी पिशवी हातात धरून उभा. हाकलायला हवं होतं का? पण आता हाकलण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

मी शेवंतीला आत घेतलं. खिडकी लावली. आणि साहेबांना फोन केला: “अभिनंदन. काम फत्ते!”

हे ते खोटं. तीन शब्दांचं. पण तीन शब्द काय काय करतात बघा. नऊ आठवड्यांनी चार पिल्लं झाली, आणि त्यातलं एक — काय सांगू तुम्हाला! काळा कोट, पांढरा शर्ट, चारी मोजे, जणू माझ्या कागदी रुमालावरून उतरलेलं. साहेबांनी सीमेवरून पेढे वाटायचा हुकूम सोडला. पिल्लाचं नाव लेफ्टनंट. मी रातोरात ‘मांजरवाले डॉक्टर’ झालो. लोक पुढच्या वेळी नंबर लावू लागले, तेव्हा मी शेवंतीचं ऑपरेशन करून टाकलं आणि म्हणालो, “एकदा सिद्ध झालेला प्रयोग मी पुन्हा करत नसतो.” याचंही कौतुक झालं! मला फार मजा येत होती. हे लपवण्यात काय अर्थ आहे? खोटं पचल्यावर इतकी भूक लागते, हे मला ठाऊक नव्हतं.

मग गणपतीत मंडळानं माझं व्याख्यान ठेवलं. तक्ता केला मी — वर जनरलचा फोटो, खाली पिल्लं, मधे बाण. पहिल्या रांगेत, पुन्हा रजेवर आलेले साहेब, मांडीवर लेफ्टनंट. त्यांच्या शेजारी माझी मुक्ता, तेव्हा नऊ वर्षांची. तिला मराठी समजतं, पण बोलते हिंदी. तिनं हात वर केला.

“पापा, पर ये तो थानेदार जैसा है। देखो ना, वही मूँछ!”

हॉल हसला. साहेब सगळ्यात मोठ्यानं हसले. मीही हसलो — पण लेफ्टनंटच्या नाकाखाली, डावीकडे, काळी अर्धी मिशी होती. मी त्या पिल्लाचे मोजे मोजत बसलो होतो. मिशी कधी पाहिलीच नव्हती.

आता इथे मला जरा थांबायचंय. इथवरचं तुम्ही हसत ऐकलंत, मीही हसत लिहिलं.

मुक्ता रोज शाळेतून येताना थानेदारला डब्यातली उरलेली पोळी द्यायची. तो तिच्याशिवाय कुणाला हात लावू देत नसे. व्याख्यानानंतरच्या रविवारी सकाळी मी त्याला पनीर दाखवून खोक्यात घेतलं, खोकं स्कूटरवर बांधलं आणि चंडीगडबाहेर, खरड नावाच्या गावी नेऊन सोडलं. विद्यार्थ्यांच्या एका खानावळीमागे. का? तर पुन्हा कुणी दोन मिशा शेजारी शेजारी ठेवून पाहू नये म्हणून. खोकं उघडलं. तो बाहेर आला, आळस दिला, आणि पाय चाटत बसला. माझ्याकडे पाहिलंही नाही.

मुक्ता दोन आठवडे त्याला मार्केटमध्ये शोधत होती. पोळी कागदात गुंडाळून परत आणायची. “पापा, थानेदार कहीं दिखा?” मी म्हणालो, “गावाला गेला असेल.”

पुढे वर्षभरानं माझ्या एका विद्यार्थ्यानं, तो खरडला राहतो, त्याच्या खानावळीतल्या बोक्याचा फोटो दाखवला. फाटका कान, पोट सुटलेलं, आणि मागे पायरीवर अर्ध्या मिशीची तीन पिल्लं. मी ऑफिसात नाचायचा बाकी राहिलो. पण हे मला वर्षानं कळलं. त्या रविवारी माहीत नव्हतं. त्यामुळे ते माझ्या बाजूनं धरू नका.

गेल्या महिन्यात साहेब निवृत्त झाले, साताऱ्याला निघाले. निरोपाच्या जेवणात त्यांनी लेफ्टनंटला खांद्यावर घेऊन भाषण केलं — जनरल गेला, पण डॉक्टरांमुळे त्याचा वंश सोबत नेतोय. टाळ्या. मी श्रीखंडाची वाटी तशीच खाली ठेवली. मी स्वयंपाकघरात गेलो. वहिनी डबे भरत होत्या. सांगून टाकलं. खिडकी, शेड, फोन, सगळं.

वहिनींनी झाकण खाली ठेवलं आणि त्या हसायला लागल्या. डोळ्यांतून पाणी येईतो हसल्या. मग दार लोटून घेत म्हणाल्या, “भाऊजी, जनरलचं ऑपरेशन मी त्याच्या आधीच्या दिवाळीतच करून घेतलं होतं. हे सीमेवर, आणि तो रोज भांडणं घेऊन घरी. यांना सांगितलं नाही, उगाच मनाला लावून घेतील. तुम्ही तीन दिवस घरात ठेवलात त्याला — एकदा शेपटी वर करून बघायचं सुचलं नाही?”

नाही सुचलं. वीस वर्षं दुसऱ्याच्या फुलातला नर चिमट्यानं उपटणाऱ्या माणसाला नाही सुचलं.

त्यांच्या हसण्यानं मला धीर आला, आणि मी खरडचंही सांगितलं. त्यांचं हसणं थांबलं. त्यांनी दाराच्या फटीतून बाहेर पाहिलं — मुक्ता लेफ्टनंटला टोपलीत बसवत होती — आणि विचारलं, “हिला माहितेय?”

नाही. मुक्ताला अजून माहीत नाही. तिला मराठी ऐकून समजतं, पण वाचता येत नाही. मी हे मराठीत का लिहितोय, हे आता तुम्हाला कळलं असेल.

माझी मान हलताना पाहून वहिनींनी डबा उचलला, माझ्या हातात दिला, आणि म्हणाल्या, “या सगळ्या प्रकरणात मर्द एकच निघाला, भाऊजी. आणि त्यालाच तुम्ही खोक्यात घालून टाकून आलात.”