पोरींचा अभ्यास आन माजी टापटीप

सगळ्यात आधी शेजारची शांता टपकली, मग कॉलेजच्या दोन पोरी आल्या. आमी घेवड्याचं बियाणं राखेत ठेवतो, त्याला कीड का लागत न्हाई ह्यावर त्यांचं संशोधन चाललंय म्हणं.

पावनं येणार म्हणून मी सकाळीच सगळं बियाणं पुसून लखलखीत केलेलं!

थोरली पोरगी रडवेली झाली. “आजी, आम्हाला ती राखच तपासायची होती. असं बियाणं ठेवणारं दुसरं घर सापडलं नाही.”

शांता म्हणती, “म्हातारे, तुजी टापटीप नडली बघ!”

आवं, पण राख टाकतंय कोण? भांडी घासायच्या डब्यात भरलेली की! पोरीनं मला मिठीच मारली.

तुमी बियाणं कशात ठेवता, लिवा बरं खाली. सोमवारी पोरी परत येणारेत, तवर मी काहीच पुसणार न्हाई.